जपानला फिरायला येताय? मग नमाजचं कसं करायचं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे आणि आमच्या कोकणातून जपानला फिरायला येणारे ओळखीचे लोक आता बरेच झालेत, आणि त्यातले मुस्लिम पाहुणे तिकीट काढलं की हॉटेलच्याही आधी मला हेच विचारतात की बाजी, तिकडे नमाजचं काय. मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, आता संसार इथे टोकियोजवळ. फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवते. एक गोष्ट आधीच सांगते, इथे जागा मिळत नाही असं नाहीये, जागा मिळते, पण वेळ अगदी संपत आल्यावर शोधायला निघालात तर धावपळ होते. म्हणून सकाळी दिवसाचा प्लॅन करतानाच जोहर-असर (दुपारची आणि संध्याकाळआधीची नमाज) कुठे पढायची ते ठरवून निघा, निम्मं टेन्शन तिथेच जातं.

जपानमध्ये मशिदी आहेत का मुळात?

आहेत, आणि आजच्या नाहीत. सगळ्यात जुनी कोबे शहरातली, १९३५ ची, आणि तिच्यासाठी ज्यांनी वर्गणी दिली त्यात कोबेत धंदा करणारे हिंदुस्थानी मुस्लिम व्यापारी होते, सोबत रशियातून आलेले तातार लोक. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं सगळं जळालं तरी ही मशीद उभी राहिली, नंतर १९९५ च्या मोठ्या भूकंपातही टिकली. सान्नोमिया स्टेशनवरून कितानो भागाकडे चालत जाता येतं, समोरच हलाल किराणा मिळतो. ओसाकाला उतरणार असाल तर अर्धा दिवस काढून कोबेला दोन रकात (रकात म्हणजे नमाजचं एक आवर्तन) पढून याच, मला तरी त्या इमारतीत उभं राहिलं की भरून येतं.

टोकियोत सगळ्यात मोठी तोक्यो जामी, योयोगी-उएहारा स्टेशनजवळ. पहिली इमारत १९३८ ची, ती १९८६ मध्ये पाडली आणि २००० साली तुर्की पद्धतीची नवी उघडली. याशिवाय ओत्सुकाची मशीद, उएनोजवळ ओकाचिमाचीला अस्सलाम मशीद, नागोयात होंजिन भागात, फुकुओकात हाकोझाकीला, ओसाकात निशियोदोगावाला, क्योटोत जुन्या राजवाड्याच्या बागेच्या पूर्वेला. बाहेरून घुमट आणि मिनार शोधू नका. बऱ्याच मशिदी म्हणजे साधी बिल्डिंग, कधी जुनं ऑफिस, कधी गोडाऊन, दारावर छोटी पाटी. मॅपने सांगितलेल्या जागी पोचलात आणि समोर काहीच दिसत नसेल तर वरच्या मजल्याची नावं वाचा.

विमानतळावर उतरलो आणि नमाजची वेळ झाली तर?

हे सगळ्यात सोपं. नारिता, हानेदाचं टर्मिनल ३ आणि ओसाकाचं कानसाई, तिन्हीकडे नमाजची खोली आहे, वजूची (नमाजआधी हात-पाय-तोंड धुण्याची) सोय पण आहे. कस्टम्स करून, सामान घेऊन, सिम कार्ड घेऊन मग बघू असं करू नका, बाहेर पडल्यावर ट्रेनमध्ये तास-दीड तास जातो. इमिग्रेशन झालं की इन्फॉर्मेशन काउंटरला "प्रेयर रूम" एवढंच म्हणा, नकाशावर गोल करून देतात. खोली शांत आणि स्वच्छ असते, पण ती सगळ्या धर्मांसाठी असू शकते, तेव्हा बाहेरचं बूट काढायचं ठिकाण वगैरे बघून आत जा.

वाटेत थांबा असेल तर क्वालालंपूर, सिंगापूर, बँकॉक आणि दोहा, चारही ठिकाणी सोय आहे. क्वालालंपूरला "सुराव" लिहिलेली पाटी शोधा.

नमाजच्या वेळा भारतापेक्षा खूप वेगळ्या असतात का?

हो, आणि इथेच लोक फसतात, म्हणून हे नीट वाचा. जपानमध्ये घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे करत नाहीत, आणि टोकियो देशाच्या पूर्वेला, त्यामुळे सूर्य लवकर उगवतो नि लवकर मावळतो. जूनच्या शेवटी टोकियोत सूर्योदय साडेचारच्याही आधी होतो, फजरची (पहाटेच्या नमाजची) वेळ रात्री अडीच-पावणेतीनलाच सुरू. म्हणजे आपण भारतातल्या सवयीने पाचचा अलार्म लावला तर फजर कजा, म्हणजे वेळ निघून गेलेली. फॅमिलीत लहान मुलं असतील आणि दिवसभर चालून सगळे थकलेले असतील तर इशा (रात्रीची नमाज) पढून लगेच झोपा, अलार्म दोन ठेवा.

थंडीत उलटं. डिसेंबरात सूर्य साडेचारला मावळतो, जोहर साडेअकरा-पावणेबाराला सुरू होते, शाफई पंथाच्या लोकांची असर सव्वादोनच्या आसपास, हनफी पंथाच्या लोकांची त्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, आणि साडेचारला मगरिब (सूर्यास्ताची नमाज). म्हणजे तुमची तीन नमाजं बाहेर फिरतानाच येतात, आणि असर-मगरिबमधलं अंतर एका म्युझियममध्ये संपून जातं. एप्रिलच्या सुरुवातीला साकुरा बघायला येणाऱ्यांना जरा बरं, मगरिब सहाच्या सुमारास असते.

अॅपमध्ये लोकेशन जपानचं झालंय का आणि असरची सेटिंग तुमच्या मसलकाप्रमाणे (शाफई की हनफी) आहे का, हे उतरल्यावर पहिल्याच दिवशी तपासा.

मुसाफिर (प्रवासी) म्हणून कसर (चारऐवजी दोन रकात) आणि जमा (दोन नमाजा एकत्र) करता येते का?

मी आलिम नाही, तुमच्या मौलानांना निघण्याआधी विचारून घ्या, पण आपल्याकडे जे सर्रास चालतं ते सांगते. आमचे कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई, त्यामुळे सफरीत जोहर-असर एकत्र आणि मगरिब-इशा एकत्र पढायची सवलत आहे, चार रकातची दोन पण होते. महाराष्ट्रातले बाकी बरेचसे लोक हनफी, त्यांच्यात सफरीत कसर करायचीच असते पण जमा नाही, प्रत्येक नमाज आपापल्या वेळेत. मुक्काम किती दिवसांचा असला तर मुसाफिर राहत नाही यातही फरक आहे, शाफईत येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस, हनफीत पंधरा दिवस. एकाच शहरात आठवडाभर राहणार असाल तर हे आधी स्पष्ट करून घ्या. आणि मशिदीत मुकामी (तिथेच राहणाऱ्या) इमामाच्या मागे उभे राहिलात तर पूर्ण चार रकात.

याचा प्लॅनिंगवर थेट परिणाम होतो. शाफई फॅमिलीला दुपारी एकच थांबा पुरतो. हनफी फॅमिलीने दोन थांबे धरायचे, पण दुसरा हॉटेलजवळ येईल असं फिरणं लावलं तर जमतं. सोबत दोन्हीकडचे लोक असले तर भांडू नका, ज्यांना दोनदा थांबायचंय त्यांच्यानुसार दिवस आखा.

शहरात फिरताना नक्की कुठे पढायची?

टोकियो स्टेशनवर मारुनोउची बाजूला २०१७ पासून नमाजची छोटी खोली आहे, तिथल्या ट्रॅव्हल सर्व्हिस सेंटरमध्ये सांगून वापरायची. शिंजुकूच्या ताकाशिमाया स्टोअरमध्ये आहे. फुजी पर्वताकडे जाणारे बरेचजण गोतेंबाच्या आउटलेट मॉलला थांबतात, तिथेही आहे. ओसाकात युनिव्हर्सल स्टुडिओत गेस्ट सर्व्हिसला विचारायचं. काही मोठ्या इऑन मॉलमध्येही असते. या जागा अधूनमधून दुरुस्तीला बंद किंवा मजला बदललेला असं होतं, म्हणून आदल्या रात्री त्यांची वेबसाइट बघून घ्या.

मॉलमधली खोली कशी असते ते सांगते म्हणजे बिचकायला नको. काउंटरवर वहीत किंवा फॉर्मवर नाव नि वेळ लिहायची, मग एक मुलगी चावी घेऊन तुमच्या सोबत चालत येते, दार उघडून देते आणि वाकून निघून जाते. आत जेमतेम तीन-चार जणांची जागा, कार्पेट, छतावर किंवा जमिनीवर किब्ल्याचा (मक्केच्या दिशेचा) बाण, कोपऱ्यात दुमडलेल्या जानमाज (नमाजच्या चटया), कधी पाय धुवायला खाली बसवलेला नळ. एका वेळी बाया किंवा पुरुष असं असतं, तर आधी सांगा किती जण आहात. बाहेर रांग असेल तर सुन्नत-नफिल (फर्जशिवायच्या जादा नमाजा) लांबवू नका, पुढच्याचीही वेळ जात असते.

खोली नसेल तिथे? इथे राहणारे मुस्लिम काय करतात ते सांगते. कराओकेचं दुकान प्रत्येक स्टेशनसमोर असतं, अर्ध्या तासासाठी स्वतंत्र खोली भाड्याने मिळते, दुपारी तर फारच स्वस्त, टीव्ही बंद करायचा, आवाज शून्यावर आणायचा आणि पढायची. आधी ऐकून लोकांना विचित्र वाटतं, पण दार बंद, जमीन कोरडी, कुणी डोकावत नाही, चार जणांच्या फॅमिलीला यापेक्षा चांगली जागा शहराच्या मध्यात सापडणार नाही. दुसरं म्हणजे कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम, काही घेतलं असेल आणि गर्दी नसेल तर विचारून दोन रकात होतात. न विचारता नाही. आणि जिने, इमर्जन्सी एक्झिटच्या मागची जागा, पार्किंगचा कोपरा हे टाळाच. इथे आगीच्या वाटेवर माणूस बसलेला दिसला की गार्ड येतो, तो रागावत नाही, पण त्याला तुम्हाला उठवावंच लागतं आणि नमाज तुटते.

पार्कमध्ये पढली तर चालते का?

चालते, मी स्वतः पढते. शंभर येनच्या दुकानात प्लास्टिकची चटई मिळते, जपानी लोक पिकनिकला अंथरतात तीच, ती खाली आणि वर जानमाज. झाडाच्या मागे, रस्त्यापासून बाजूला, खेळणाऱ्या मुलांच्या वाटेत नाही. मोठ्याने किरात (कुराणपठण) नको. लोक बघतील पण थांबून टक लावून बघत बसत नाहीत. देवळं आणि शिंतो तीर्थांच्या आवारात मात्र नको, आसाकुसाला किंवा फुशिमी इनारीला गेलात तर बाहेर येऊन जागा बघा, ते त्यांचं इबादतीचं ठिकाण आहे आणि त्याचा मान ठेवायचा.

वजू कसा करायचा? बेसिनमध्ये पाय धुतले तर?

नका धुवू. कळकळीने सांगते. जपानमध्ये बेसिनमध्ये पाय ठेवणं लोकांना फार खटकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे फरशीवर सांडलेलं पाणी, कारण इथली टॉयलेटं कोरडी असतात, एखादी म्हातारी बाई घसरली तर? आपल्या मागून येणाऱ्या प्रत्येक मुस्लिमाकडे मग त्याच नजरेने बघतात.

मी करते ते असं. हॉटेलवरून निघतानाच वजू करून निघते, तो टिकेल तेवढा टिकेल. बॅगेत अर्धा लिटरची रिकामी बाटली आणि एक छोटा नॅपकिन कायम. लागला तर हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात हे बेसिनवर, नळ बारीक ठेवून. मग बाटली भरून टॉयलेटच्या आत जायचं, एक पाय कमोडच्या वर धरून बाटलीने हळूहळू धार सोडायची, बोटांमध्ये करंगळी फिरवायची, नॅपकिनने पुसून मोजा घालायचा, मग दुसरा. पाण्याचा थेंब बाहेर जात नाही. पाणी कमी पडेल असं वाटतं पण पडत नाही, आपले पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वजू करायचे, म्हणजे आजच्या हिशेबात अर्धा ते पाऊण लिटर. नॅपकिन विसरू नका, बऱ्याच ठिकाणी हात पुसायला कागद नसतो, जपानी लोकही स्वतःचा रुमाल बाळगतात.

थंडीत येणार असाल तर चामड्याचे खुफ (मोजे) घेऊन या. वजूत घातले की मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यावर मसह करता (ओला हात फिरवता) येतो, पाय धुवायचा प्रश्नच मिटतो. साध्या सुती मोज्यांवर होत नाही, हे मौलानांना विचारून घ्या.

इस्तिंजाची (शौचानंतर पाण्याने धुण्याची) काळजी नको, इथे बहुतेक सगळीकडे कमोडलाच पाण्याचा जेट बसवलेला असतो, बटण दाबायचं. जुन्या स्टेशनांवर नसतो, तिथे तीच बाटली कामाला येते.

किब्ला कुठे?

मुंबईत आपण जवळजवळ पश्चिमेला तोंड करतो, २८० अंश. टोकियोत २९३, ओसाकात २९१, फुकुओकात २८८ च्या आसपास, म्हणजे पश्चिमेपासून चांगलंच उत्तरेकडे वळायचं. सूर्य मावळतो तिकडे तोंड केलं की झालं असं समजू नका, थंडीत तर सूर्य नैऋत्येला मावळतो, पार चुकाल.

फोनचं कंपास स्टेशनात, लिफ्टजवळ, लोखंडी खांबाशेजारी भलतंच दाखवतं. उघड्यावर येऊन फोन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, मग बघा. त्याहून पक्की युक्ती म्हणजे मॅप उघडून आपण उभे आहोत तो रस्ता कुठल्या दिशेला जातो ते बघणे, रस्ता खोटं बोलत नाही.

आणि एक सुंदर गोष्ट. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो, २७-२८ मे आणि १५-१६ जुलैला. त्या क्षणी जपानमध्ये मे महिन्यात संध्याकाळचे ६ वाजून १८ मिनिटं आणि जुलैत ६ वाजून २७ मिनिटं झालेली असतात, सूर्य क्षितिजाच्या थोडाच वर असतो आणि तुम्ही सूर्याकडे तोंड केलं की किब्ला. खांबाची सावली बघितली तर तिच्या उलट दिशेला. भारतात हीच वेळ दुपारी २.४८ आणि २.५७ ला येते, गावी घरच्यांना सांगितलं तर तेही आपल्या अंगणात बघू शकतात.

कुणाला विचारायचं असेल तर जपानीत काय बोलू?

"ओइनोरी ओ शितेमो ईई देस का", म्हणजे इथे प्रार्थना केली तर चालेल का. सोबत हाताने जमिनीकडे दाखवा आणि "गो फुन", पाच मिनिटं, म्हणा. नमाजच्या खोलीला "रेइहाइशित्सु" म्हणतात. समोरचा माणूस तोंडावर नाही म्हणणार नाही, "चोत्तो..." म्हणून मान तिरकी करेल आणि गप्प होईल. तो नकार आहे, आग्रह करू नका, थँक यू म्हणून पुढे चला. पण खूपदा हो म्हणतात, आणि मग रिकामी मीटिंग रूम उघडून देतात, हीटर लावून देतात. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा एका छोट्या चहाच्या दुकानातल्या आजींनी आतली ततामीची (गवती चटयांच्या जमिनीची) खोली दिली आणि स्वतः पडदा ओढून बाहेर उभ्या राहिल्या.

शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये)?

टोकियो ते शिन-ओसाका अडीच तास. तिकीट असं काढा की नमाज चढण्याआधी किंवा उतरल्यावर होईल, बस. गाडीत एक छोटी खोली असते पण ती आजारी माणसांसाठी आणि दूध पाजणाऱ्या आयांसाठी आहे, ती आपण अडवायची नाही.

बायकांसाठी जागा असते का?

मोठ्या मशिदीत असते, तोक्यो जामीत वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर घ्यायला स्कार्फही मिळतो. छोट्या मुसल्ल्यात (नमाजच्या छोट्या जागेत) मात्र एकच हॉल असतो, जुम्म्याला तर पुरुषांनीच भरतो. आधी फोन किंवा मेसेज करून विचारा. एकट्या बायका फिरत असाल तर मॉलची खोली आणि कराओके हे पर्याय मला जास्त सोयीचे वाटतात. खाली पायघोळ स्कर्ट आणि मोठी ओढणी बॅगेत असली की कपड्यांचाही प्रश्न येत नाही.

जुम्मा पढायला मिळेल का?

मुसाफिरावर फर्ज नाही, पण मिळाला तर सोडू नका. ओत्सुकाला किंवा तोक्यो जामीला जा, लवकर जा, बाहेरच्या जिन्यापर्यंत सफा (रांगा) लागतात. शेजारी इंडोनेशियन पोरगा, पुढे जुन्या गाड्यांचा धंदा करणारे पाकिस्तानी चाचा, बाजूला बांगलादेशी विद्यार्थी आणि त्यांच्यात एखादा जपानी नवमुस्लिम. नमाज झाली की रस्त्यावर घोळका करून गप्पा मारत उभे राहू नका, शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात आणि त्या निस्तरताना मशिदीच्या लोकांची दमछाक होते.

हॉटेलच्या खोलीत जागा पुरते का?

बिझनेस हॉटेलच्या खोल्या फार लहान, बेड आणि टेबलाच्या मधे एक जानमाज कशीबशी बसते. बुक करताना खोली किती चौरस मीटर आहे ते बघा, १५ च्या वर असली तर आरामात होतं. दोघं असाल तर आळीपाळीने पढा. ततामीची खोली मिळाली तर सगळ्यात छान, सगळी जमीनच स्वच्छ.

आणि हलाल जेवण?

तो वेगळा मोठा विषय. एवढंच सांगते, मशिदीच्या आसपास नेहमी हलाल दुकान किंवा हॉटेल सापडतं, म्हणून दुपारची नमाज आणि दुपारचं जेवण एकाच ठिकाणी लावा.

मशिदीत काही पैसे द्यावे लागतात का?

कुणी मागत नाही. पण इथल्या बऱ्याच मशिदी इथे राबणाऱ्या लोकांनी पगारातून वर्गणी काढून विकत घेतल्यात, लाइट बिल, पाणी, हीटर, सगळं त्यातूनच चालतं. दाराजवळ पेटी असते. कार्ड चालेलच असं नाही, तेव्हा थोडे रोख येन खिशात ठेवा.